आधी नळ, मग रुग्णालय

पनवेलजवळच्या करंजाडेसारख्या नव्या वसाहतीत आरोग्याचा विषय निघाला की उत्तर ठरलेले असते : मोठे रुग्णालय आणा, घरोघरी विम्याचे कार्ड द्या. ही मागणी प्रामाणिक आहे. हृदयविकाराचा झटका आला किंवा बाळंतपण अडले, तर डॉक्टर, रक्तपेढी आणि शस्त्रक्रियागृहच लागते. पण रुग्णालये वाढली म्हणजे समाजाचे आरोग्य सुधारले, हा निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे. रुग्णालय आजाऱ्याला बरे करते. वसाहतीत किती जण आजारी पडणार, हे पाणी, गटारे, लसीकरण आणि पोषण ठरवतात.

पुण्याचे उदाहरण ताजे आहे. सिंहगड रस्त्यालगतची नांदेड, किरकटवाडी ही गावे २०२१ मध्ये महापालिकेत आली. इमारती उभ्या राहिल्या, जलशुद्धीकरण मागे पडले. जानेवारी २०२५ मध्ये तिथे गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण झपाट्याने वाढले. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा दूषित पाण्या-अन्नातून पसरणारा जिवाणू सापडला. पुण्यात रुग्णालयांची वाण नव्हती. त्यांनी अनेकांचे प्राण वाचवले, पण साथ त्यांना टाळता आली नाही. ते त्यांचे कामच नव्हते.

करंजाडेची ठेवण याहून फार वेगळी नाही. वसाहत सिडकोने आखली. २०१६ मध्ये पनवेल महापालिका झाली, तेव्हा करंजाडे तिच्या हद्दीबाहेर राहिले. टॉवर शहराचे, कारभार ग्रामपंचायतीचा, आणि पाणीटंचाई नित्याची. पनवेलचे उपजिल्हा रुग्णालय आणि कामोठ्याचे एमजीएम काही किलोमीटरवरच आहेत. खरी उणीव आहे ती रोग होण्याआधीच्या व्यवस्थेची.

पाणी अधूनमधून येते, तेव्हा रिकाम्या वाहिनीतला दाब उतरतो आणि गळतीच्या जागी बाहेरची घाण आत ओढली जाते. लोक नाइलाजाने पिंप भरून ठेवतात. एडिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात आणि डेंग्यू घरात शिरतो. अशा वेळी ‘लोकांना शिस्त नाही’ म्हणणे अन्यायाचे आहे. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, हे सांगणे योग्यच. पण उद्या पाणी येईल याची खात्री नसलेली गृहिणी पिंप कशाच्या भरवशावर रिकामे करील?

विम्याचेही तसेच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने अनेक कुटुंबांना कर्जापासून वाचवले, तिचे मोल मोठे आहे. मात्र ते कार्ड रुग्ण भरती झाल्यावर उपयोगी पडते. बुडालेली मजुरी आणि तापाने फणफणलेल्या लेकराची चुकलेली शाळा ते भरून देत नाही.

रोगाआधीचे काम किती फळ देते, हे गडचिरोलीत दिसले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरोघरी काळजी घ्यायला शिकवले. तुलनेसाठी निवडलेल्या गावांच्या मानाने तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. कामी आले ते प्रशिक्षण, नोंदी आणि दारोदार जाणारी माणसे.

निधीची सबबही टिकत नाही. नळाच्या पाण्यातले क्लोरीन तपासणारी ओटी टेस्ट काही मिनिटांत आणि थोडक्या पैशांत होते. जबाबदारीही झटकता येत नाही. राज्यघटनेच्या कलम ४७ ने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याच्या आद्य कर्तव्यांपैकी एक मानले आहे. अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी, स्वच्छता आणि आरोग्य हे पंचायतींचे विषय आहेत.

म्हणून करंजाडेकरांनी सिडको, जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत यांना एकत्र बसवून चार गोष्टी मागाव्यात : रोज ठरल्या वेळी पुरेशा दाबाने पाणी, सेक्टरनिहाय तपासणीचे निकाल दर आठवड्याला फलकावर, पुरेसे आरोग्यसेवक आणि आशा सेविका असलेले प्राथमिक आरोग्य केंद्र, ताप व जुलाबाच्या रुग्णांची खासगी दवाखान्यांसह एकत्र नोंद. रुग्णालयाची मागणीही जरूर करावी, पण या चारांच्या नंतर. ज्या वसाहतीत ही चार कामे चोख होतात, तिथेच रुग्णालयातली खाट खऱ्या गरजूसाठी मोकळी राहते.