बीडच्या रस्त्याला बीडची सायकल

बीडमध्ये रोजच्या कामाला सायकल वापरा म्हटलं की तीन आक्षेप लगेच येतात. अंतरं लांब आहेत, ऊन फार आहे, रस्ते जिवावरचे आहेत. चौथा दबक्या आवाजात येतो. एवढं शिकून पोरगं सायकलवर फिरतंय, लोक काय म्हणतील? या चौथ्याला उत्तर एकच. मुलाच्या मोटारसायकलचे हप्ते ते लोक भरत नाहीत, तेव्हा त्याने काय चालवावं हेही त्यांनी सांगू नये.

अंतराचा आक्षेप बीड शहरापुरता तरी टिकत नाही. पेठ बीडहून बिंदुसरा ओलांडून नगर रोडवरचं जिल्हाधिकारी कार्यालय गाठायचं तर जेमतेम तीन-चार किलोमीटर पडतात. ताशी बारा किलोमीटरच्या सावकाश चालीनेही वीस मिनिटांत माणूस पोचतो. बाजाराच्या गर्दीत मोटारसायकल यापेक्षा फार वेळ वाचवत नाही, आणि तिला उभं करायला जागा शोधावी लागते ती वेगळीच. उन्हाचं म्हणणं खरं आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुपारी बारा ते चार सायकल काढू नये, एवढं मी मान्य करतो. पण शाळा, दूध, भाजी, बँक, दवाखाना यांतली बहुतेक कामं त्या वेळेच्या आधी किंवा नंतर होतात. दोन महिन्यांच्या दुपारींसाठी बारा महिन्यांच्या सकाळ-संध्याकाळी का सोडायच्या?

खरा घोळ दुकानात होतो. माणूस रोजच्या कामाला सायकल घ्यायला जातो आणि डोंगरात उड्या मारण्यासाठी बनवलेल्या सायकलची स्वस्त नक्कल घेऊन येतो. जाड खाचांचे टायर, पुढे शॉकअप, एकवीस गिअर, डिस्क ब्रेक. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँडही वेगळा घ्यावा लागतो. ‘आपले रस्ते खराब, म्हणून शॉकअप हवाच,’ हा दुकानातला युक्तिवाद ऐकायला बरोबर वाटतो. पण स्वस्तातला शॉकअप सायकलचं वजन दोनेक किलोंनी वाढवतो, चढावर पायडलचा जोर स्वतःच खातो आणि काही पावसाळ्यांत गंजून अडकतो. खड्ड्याचा धक्का खऱ्या अर्थाने झेलतो तो पुरेशा रुंदीचा आणि बेताने हवा भरलेला टायर. खाचांचे टायर डांबरावर घरघरतात आणि दम काढतात. एकवीस गिअरांतले बरेचसे एकमेकांच्या जागी चालतात, पण बिघडले तर तालुक्याच्या गावी नीट लावून देणारा कारागीर मिळेलच असं नाही.

मग जुनी काळी सायकल बरी का? तिला कालबाह्य म्हणणाऱ्यांनी नेदरलँड्सकडे पाहावं. माणशी सर्वांत जास्त सायकल चालवणाऱ्या त्या देशात रोजच्या वापराची सायकल आजही ताठ बसून चालवायची, मडगार्डची, चेनकव्हरची, दिव्याची आणि कॅरिअरची असते. आपली काळी सायकल आणि ती, दोघींचं मूळ एकाच जुन्या इंग्लिश घडणीत आहे. पण काळ्या सायकलचे दोष झाकून मला तिची बाजू मांडायची नाही. ती वीस किलोंच्या घरात जाते. तिचे रॉड ब्रेक पावसात दगा देतात. पुढे 44 आणि मागे 18 दाते असतील तर एका पायडलफेऱ्यात ती पाच मीटरांहून जास्त पुढे जाते. सपाटीवर हे सुखाचं आहे, मांजरसुंब्याच्या घाटात मात्र गुडघ्यावर येतं.

म्हणून माझं म्हणणं असं. साधा स्टीलचा सांगाडा, शॉकअपशिवायचा पुढचा दांडा, 26 इंची चाक आणि कमी खाचांचा पावणेदोन इंची टायर. हे माप तालुक्याच्या गावीही सहसा मिळतं. ब्रेक रिमवर दाबणारे, कारण त्यांचे रबर कोणताही सायकलवाला बदलून देतो. गेवराई-माजलगावच्या गंगाथडीत जमीन सपाट आहे, तिथे गिअर नसला तरी चालेल. पाटोदा, केज, अंबाजोगाई हा बालाघाटाचा चढउताराचा भाग, तिथे फक्त मागे सहा-सात गिअर घ्यावेत. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा असावा, म्हणजे हायवेवरच्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. सीटची उंची मात्र दुकानातच लावून घ्या. पायडल खाली असताना टाच टेकवली की पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. गुडघे दुखतात म्हणून सायकल सोडणाऱ्या कितीतरी जणांची सीट नुसती खाली असते.

22 सप्टेंबर 2025 पासून सायकलवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. वाचलेले पैसे रंगीत बाटलीवर घालवू नयेत. आपल्याकडे पहिला शत्रू सराटे आणि येड्या बाभळीचे काटे. जुनी ट्यूब उभी कापून तिची पट्टी टायर आणि ट्यूबच्या मध्ये घातली की निम्मी कटकट टळते. दुसरा शत्रू काळी माती. मडगार्ड हवंच, पण टायरपासून दोन बोटं वर, नाहीतर पावसाळ्यात पाणंदीत माती अडकून चाक जागच्या जागी थांबतं. तिसरी वस्तू मागचा लाल दिवा, आणि त्याबाबत मी तडजोड मानत नाही. ऊसतोडीच्या हंगामात तेलगाव, माजलगाव, गेवराईच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर धावतात. त्यांच्या मागे दिवा नसतो आणि त्यांना ओलांडणाऱ्या गाडीला आपण दिसत नाही. हेल्मेट घालाच, पण आधी दिसा.

आता रस्त्यांचं. ‘रस्ते जिवावरचे’ म्हणणारे डोळ्यांपुढे महामार्ग आणतात. रोजच्या कामाला महामार्ग लागतो कशाला? जालना रोडची गर्दी टाळून माळीवेस, धोंडीपुरा, बलभीम चौक अशा आतल्या रस्त्यांनी गेलं तर चार-दोन मिनिटं जास्त लागतात, पण तिथे सगळ्याच गाड्या हळू असतात. रस्ता निवडताना लांबी नव्हे, शेजारून जाणाऱ्या वाहनाचा वेग पाहावा. हात बसल्यावर रविवारी पहाटे सोलापूर रस्त्याने खजाना विहीर गाठावी. निजामशाहीच्या काळातली, सोळाव्या शतकातली ती विहीर आणि तिचे भूमिगत पाट पाहण्याजोगे आहेत. पुढे पालीजवळ बिंदुसरेचं धरण लागतं. दुसऱ्या बाजूला पालवणच्या टेकड्यांवर सह्याद्री देवराई आहे. कपिलधारचा धबधबा नंतरच्या एखाद्या रविवारी. धारूरचा घाट मात्र अरुंद आणि वळणांचा, तो रोजच्या सायकलस्वाराने सोडलेलाच बरा.

हा सगळा वाद ज्यांच्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे त्या शाळकरी मुली. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. 2022 मध्ये ही रक्कम 3500 वरून 5000 रुपये झाली. ‘मुली सायकल चालवत नाहीत, घरातला भाऊच नेतो,’ असं म्हणून या योजनेची हेटाळणी करणाऱ्यांनी तामिळनाडूतलं पुदुकोट्टै आठवावं. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे साक्षरता मोहिमेसोबत हजारो बायका सायकल शिकल्या, कारण मोहिमेने शिकवणं आपलं काम मानलं. आपण सायकल देऊन थांबतो. सीट कोणी लावून देत नाही, पंक्चर काढायला शिकवत नाही. पहिला सराटा टोचला की सायकल भिंतीला लागते आणि मुलगी पुन्हा एसटीच्या वेळेला बांधली जाते. प्रत्येक माध्यमिक शाळेत एक पंप, पान्यांचा एक संच आणि पंक्चरचं सामान ठेवावं. आठवीच्या वर्गात महिन्यातला एक तास त्यासाठी द्यावा. आणि शाळा भरताना-सुटताना अर्धा-अर्धा तास उसाचे ट्रॅक्टर गावाबाहेर थांबवावेत. तहसीलदार आणि पोलिसांनी कारखान्यांना बसवून हंगामाआधीच हे ठरवावं.