धरण उभे राहिले, करार आडवा आला

२२ जानेवारी १९६६ रोजी घानाचे अध्यक्ष क्वामे एनक्रूमा यांनी व्होल्टा नदीवरच्या अकोसोम्बो धरणाचे उद्घाटन केले. महिन्याभराने, २४ फेब्रुवारीला, लष्कराने त्यांना पदच्युत केले. सत्ता गेली, धरण राहिले आणि त्याच्या विजेचा करारही राहिला. महाप्रकल्पांची चर्चा उंची, लांबी आणि मेगावॅटवर थांबते. अकोसोम्बोचा खरा धडा त्या करारात आहे.

एनक्रूमांचा बेत नुसत्या विजेचा नव्हता. घानातले बॉक्साइट घानातच शुद्ध करायचे, व्होल्टाच्या विजेवर त्याचे अ‍ॅल्युमिनियम गाळायचे आणि कोकोच्या भावावर हेलकावणारा देश कारखानदारीकडे न्यायचा, असा तो होता. पण धरणासाठी कर्ज हवे, तर विजेचे मोठे आणि खात्रीचे गिऱ्हाईक दाखवणे भाग होते. ते मिळाले अमेरिकेतल्या कायझर कंपनीच्या रूपाने. गिऱ्हाईक एकच असले की भाव तेच ठरवते. कायझर आणि रेनॉल्ड्स या अमेरिकी कंपन्यांच्या वाल्को या अ‍ॅल्युमिनियम कारखान्याला अतिशय स्वस्त दराने, दीर्घ मुदतीसाठी वीज मिळाली. कारखाना मात्र बाहेरून आणलेल्या अ‍ॅल्युमिनावर, म्हणजे आधीच शुद्ध केलेल्या बॉक्साइटवर, चालला; घानाच्या बॉक्साइटला त्या साखळीत जागाच नव्हती. धरणाच्या विजेतला सिंहाचा वाटा वर्षानुवर्षे या एका कारखान्याकडे गेला. दर नव्याने ठरवून घेईपर्यंत १९८५ साल उजाडले.

या धरणाची किंमत मात्र भलत्यांनीच मोजली. सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरच्या जलाशयाखाली सातशेहून अधिक गावे गेली, सुमारे ८०,००० माणसे उठली. त्यांच्यासाठी ५२ नव्या वसाहती आखल्या गेल्या. घर म्हणून हाती पडली ती एक पुरी बांधलेली खोली. बाकीच्या खोल्या कुटुंबाने सवडीने बांधायच्या होत्या. आराखडा नीटनेटका होता, पण चुलत्या-भावंडांसह राहणारे कुटुंब त्या एका खोलीत मावत नव्हते. धरणाच्या खालच्या अंगाला टोंगू भागात पुराचा गाळ येईनासा झाला, गाळपेराची शेती आटली आणि नदीतून शिंपले काढून विकणाऱ्या बायकांचा धंदा बसला. २०२३ मध्ये धरणातून पाणी सोडावे लागले, तेव्हा मेपे आणि आसपासच्या गावांतली हजारो माणसे बेघर झाली.

तरीही अकोसोम्बो फसले असे म्हणणे खोटेपणाचे ठरेल. घानाच्या घराघरांत वीज पोहोचली त्यात या धरणाचा मोठा वाटा आहे. म्हणूनच त्याच्याकडे नीट पाहायला हवे. यंत्रे उत्तम चालली तरी देशाचा बेत हुकू शकतो, हे ते दाखवते.

हा दोष एका धरणापुरता नाही. काँगोतल्या इंगा धरणाहून कटांगाच्या तांब्याच्या खाणींपर्यंत सुमारे १,७०० किलोमीटरची वीजवाहिनी १९८२ मध्ये पूर्ण झाली. तिच्या तारांखालची गावे अंधारातच राहिली. केनियात मोम्बासा ते नैरोबी नवी रेल्वे २०१७ मध्ये धावू लागली, पण तिच्यासाठी चीनकडून घेतलेल्या कर्जाचे काही करार लोकांसमोर आले ते २०२२ च्या अखेरीस. फेड चालू झाल्यावर अटी वाचून हाती काय लागणार?

मोठे स्वप्न पाहणे हा गरीब देशांचाही हक्क आहे आणि वीज-रेल्वेवाचून कोणाचेच भागत नाही. धोका आहे तो स्वप्न चौकात आणि करार बंद दाराआड, या वाटणीत. वीज कोण घेणार, कोणत्या दराने, किती वर्षे, पाऊस कमी पडला तर आधी कोणाची तोडणार आणि उठलेल्यांना नेमके काय मिळणार, हे पायाभरणीआधी संसदेत वाचून दाखवले गेले पाहिजे. त्यात एक वर्ष गेले तरी चालेल; अकोसोम्बोत भाव सुधारून घ्यायला जवळजवळ दोन दशके गेली.