तिची साक्ष, तिच्याच शब्दांत



बचत गटांच्या अभ्यासदौऱ्यानिमित्त दुसऱ्यांदा रवांडाला जाऊन आले. पहिल्या खेपेला राजधानी किगालीतलं नरसंहाराचं स्मारक मी टाळलं होतं. वेळ नव्हता, असं सगळ्यांना सांगितलं. खरं तर धीर झाला नव्हता. या वेळी आठवडाभर खेडी फिरून पुन्हा किगालीत आले. मोटारसायकल-टॅक्सींची गर्दी, बाजार, कामावर निघालेल्या बायका पाहून भोरहून स्वारगेटला उतरल्यासारखं वाटलं. त्याच गजबजाटातून गिसोझीच्या टेकडीवर गेले.

तिथे काँक्रीटच्या लाद्यांखाली अडीच लाखांहून अधिक माणसं पुरलेली आहेत. १९९४ मध्ये एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत किमान आठ लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी. मारणाऱ्यांत शेजारीही होते. लहान मुलांच्या दालनात फोटोखाली त्या मुलाचं आवडतं खाणं लिहिलं आहे. तिथून पाय निघेना.

बायकांचं काय झालं? अडीच ते पाच लाख बलात्कार झाले, असा संयुक्त राष्ट्रांचा १९९६ चा अंदाज आहे. तरीही ताबा या गावाचा प्रमुख आकायेसू याच्यावर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात खटला उभा राहिला, तेव्हा आरोपपत्रात बलात्कार नव्हताच. साक्षीला आलेली एक बाई आपल्या मुलीवरच्या अत्याचाराबद्दल बोलली. न्यायाधीशांतल्या एकमेव स्त्री, नवी पिल्ले यांनी पुढचे प्रश्न विचारले. १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झालं. २ सप्टेंबर १९९८ च्या निकालाने बलात्कार हे नरसंहाराचं कृत्य ठरू शकतं, हे मान्य केलं. जबरदस्ती म्हणजे फक्त अंगबळ नव्हे, धाक आणि भीती हीसुद्धा जबरदस्तीच, असंही त्यात म्हटलं आहे.

आपल्याला इथे मथुरा खटला आठवणारच. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात घडलेली घटना. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार केला नाही, असा अर्थ काढून सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोघा पोलिसांना सोडलं. बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा कुठे १९८३ मध्ये कायदा बदलला.

घरातली मारहाण आणि नरसंहार एकच, असं मी म्हणत नाही. पण न विचारण्याची आणि न लिहिण्याची खोड तीच आहे. परतल्यावर वेल्ह्याकडची एक ताई बैठकीला आली. तिच्या तक्रारीच्या कागदावर दोनच शब्द होते: 'घरगुती वाद'. "मग काय झालं?" एवढंच विचारलं, तर ती तासभर बोलली.

त्या रात्री आमच्या केंद्राची जुनी नोंदवही काढली. माझ्याच अक्षरात लिहिलेलं सापडलं: 'समजूत घालून नांदायला पाठवली.' त्या बाईला काय सोसावं लागलं, याची एक ओळही नाही. आज मला ते आठवतही नाही.

म्हणून एवढंच सुचवते. बाई बोलेल ते तिच्याच शब्दांत लिहू. तिला वाचून दाखवू, मगच सही किंवा अंगठा घेऊ. वही कुलपात ठेवू. तिच्या परवानगीशिवाय ती कुणाला दाखवायची नाही.

तुमच्याही केंद्रातली जुनी वही एकदा उघडा. काय सापडलं, ते कळवा.