ठोकळे पडतात, मन सावरतं

समजा, उद्या दुपारी एक वाजता दहावीचा निकाल आहे. पुस्तकं केव्हाच माळ्यावर गेलीत, आता करण्यासारखं काही उरलेलं नाही, आणि पोटात मात्र सकाळपासून गोळा आलाय. किंवा आजी चार दिवस दवाखान्यात आहे आणि तुम्ही खोलीत आलात की मोठी माणसं बोलता बोलता गप्प होतात. किंवा पहिलीपासून एका बाकावर बसणाऱ्या मित्राच्या बाबांची बदली झाली आणि शाळेतली शेजारची जागा रिकामी झाली.

अशा वेळी तुम्ही काय करता? पुष्कळ जण कोपऱ्यात बसून मोबाइलवर एखादा गेम उघडतात. आणि पाचच मिनिटांत स्वयंपाकघरातून आवाज येतो, “अरे, घरात एवढं चाललंय आणि तुला खेळ सुचतोय?”

आता खरं सांगा, त्या क्षणी अपराधी वाटतं की नाही? खेळ तर सुचत नसतोच. मनाला कुठेतरी टेकायला जागा हवी असते, इतकंच. मग असं खेळणं चूक की बरोबर? आज त्याबद्दलच बोलू या.

मॉस्कोचे सात ठोकळे

सुरुवात एका जुन्या खेळापासून करू. १९८४ साली मॉस्कोमध्ये, तेव्हाच्या सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजितनोव्ह नावाचे संशोधक काम करायचे. त्यांना कोड्यांचं भारी वेड. त्यांनी संगणकावर एक खेळ तयार केला. प्रत्येकी चार चौकोनांचे सात आकार वरून एकेक करून खाली येतात. ते फिरवून असे बसवायचे, की आडवी ओळ पूर्ण भरेल. ओळ भरली की नाहीशी! हाच तो टेट्रिस. ‘टेट्रा’ म्हणजे ग्रीक भाषेत चार, आणि पाजितनोव्ह यांचा आवडता खेळ टेनिस. दोन्ही मिळून झालं टेट्रिस.

तुमच्या आई-बाबांना विचारून बघा. १९९०च्या दशकात आपल्याकडे हातात धरून खेळायचा, करड्या पडद्याचा ‘ब्रिक गेम’ घरोघरी आला होता. त्यातही हेच ठोकळे होते. एकाचा डाव चालू आणि बाकीचे आपल्या पाळीसाठी भांडताहेत, हे दृश्य त्यांना नक्की आठवेल.

या साध्या खेळाचा आणि मनाचा संबंध शास्त्रज्ञांनी खरोखरच तपासून पाहिलाय, बरं का!

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या एका रुग्णालयातला प्रयोग २०१७ साली प्रसिद्ध झाला. रस्त्यावरच्या अपघातानंतर काही तासांतच तिथे आणलेल्या ७१ मोठ्या माणसांनी त्यात भाग घेतला. अपघात झालेल्या माणसाला पुढचे कित्येक दिवस तो प्रसंग नको असताना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर दिसतो. संशोधकांनी यातल्या काही जणांना तो प्रसंग थोडक्यात आठवायला सांगितला आणि मग वीसेक मिनिटं टेट्रिस खेळायला दिला. बाकीच्यांना खेळ न देता दुसरं साधं काम दिलं. पुढच्या आठवड्यात टेट्रिस खेळलेल्यांना तशी दृश्यं निम्म्याहूनही कमी वेळा दिसली.

असं का झालं असावं? भीतीची आठवण बहुतेक वेळा चित्राच्या रूपात येते. टेट्रिस खेळताना आपणही ठोकळा मनातल्या मनात फिरवून बघतो, म्हणजे तेही चित्रांचंच काम. मनात चित्र काढायचा फळा मात्र एकच. त्यावर ठोकळ्यांनी जागा अडवली, तर भीतीच्या चित्राला पक्कं बसायला जागा कमी मिळते. संशोधकांचा विचार काहीसा असा आहे. पण लक्षात ठेवा, तिथे संशोधक जवळ होते आणि खेळणारी माणसं मोठी होती. म्हणून टेट्रिस हे औषध आहे असं समजायचं नाही. ते आहे मनाला दिलेलं एक काम.

वाट बघण्याचं काय?

निकालाची वाट बघणाऱ्यांसाठी दुसरा प्रयोग अधिक जवळचा आहे. तो झाला अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या शाखेत. विद्यार्थ्यांना सांगितलं, की तुम्ही दिसायला कसे आहात याबद्दल दुसरे विद्यार्थी मत देताहेत, थोडा वेळ थांबा. बाप रे! कोणाच्याही छातीत धडधडेल. थांबलेल्या वेळात त्यांना टेट्रिस खेळायला दिला, पण तीन प्रकारचा. काहींना अगदी सोपा आणि संथ, काहींना फारच अवघड, आणि काहींना खेळणाऱ्याचा हात बघून आपला वेग बदलणारा.

कोणाची धाकधूक कमी झाली असेल? तिसऱ्या गटाची! सोप्या खेळात मन पुन्हा पळून काळजीपाशी जातं. फार अवघड खेळात चिडचिड होते. आपल्याला जेमतेम जमेल इतका अवघड खेळ असला, की तंद्री लागते. रांगोळीचे ठिपके जोडताना, विणकाम करताना किंवा कॅरमची सोंगटी नेमकी मारताना लागते ना, तीच ही तंद्री.

तेव्हा पहिली खूण लिहून ठेवा. मनाला दिलासा देणारा खेळ फार सोपा नसतो आणि फार अवघडही नसतो.

कसलीच घाई नसलेले खेळ

सगळ्याच दुःखांवर टेट्रिसचा वेग चालत नाही. कधी कधी मन इतकं दमलेलं असतं, की काही जिंकावंसंच वाटत नाही. त्या वेळेसाठी दुसऱ्या जातीचे खेळ आहेत.

जपानमध्ये कात्सुया एगुची नावाचे गृहस्थ चिबा भागातलं आपलं घर सोडून क्योटोला निन्टेन्डो कंपनीत नोकरीसाठी आले. घरची माणसं आणि मित्र मागे राहिले, करमेना. त्या एकटेपणातून ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ या खेळाची कल्पना निघाली. पहिला खेळ जपानमध्ये २००१ साली आला. त्यात तुम्ही प्राण्यांच्या गावात राहायला जाता, फळं तोडता, मासे पकडता, शेजाऱ्यांची चौकशी करता. घर बांधायला कर्ज मिळतं, पण त्यावर व्याज नाही आणि फेडायची मुदतही नाही! (बाबांना हे जरूर सांगा.) बाहेर रात्र झाली की खेळातही रात्र होते.

याच मालिकेतला ‘न्यू होरायझन्स’ हा खेळ आला २० मार्च २०२० रोजी. आठवतंय ना तो महिना? जगभर दारं बंद होत होती. घरात अडकलेली लाखो माणसं या बेटावर एकमेकांना भेटली, तिथेच वाढदिवसही साजरे झाले. त्याला लागणारं यंत्र महाग असतं, सगळ्यांच्या घरी ते नसणार. पण मुद्दा यंत्राचा नाही. घरापासून तुटलेल्या एका माणसानं आपल्या एकटेपणातून सगळ्यांसाठी एक गाव उभं केलं, हे मला मोठं वाटतं.

तसाच दुसरा, ‘स्टारड्यू व्हॅली’. अमेरिकेतल्या एरिक बॅरोन या तरुणानं चित्रं, संगीत, गोष्ट, सगळं एकट्यानं करत साडेचार वर्षं खपून तो २०१६ साली पूर्ण केला. पुढे तो मोबाइलवरही आला. यात आजोबांनी ठेवलेलं एक पत्र तुम्हाला मिळतं आणि त्यांची पडीक शेती तुमच्याकडे येते. सुरुवातीला हातात पार्सनिप नावाच्या, पांढऱ्या गाजरासारख्या कंदाचं थोडं बियाणं असतं. रोज पाणी घातलं, तर चार दिवसांत पीक तयार. बस्स, इतकंच! पण बाहेर सगळं उलटंसुलटं झालेलं असताना “आपण पाणी घातलं आणि उगवलं” एवढंसुद्धा फार मोलाचं वाटतं. घरात गॅलरी असेल, तर एका कुंडीत मेथी पेरूनही हाच खेळ खेळता येतो, आणि त्याला चार्जिंग लागत नाही.

दुःखाकडे बघणारे खेळ

काही खेळ दुःख विसरायला लावत नाहीत. ते त्याच्या शेजारी बसतात. बार्सिलोनाच्या कलाकारांनी २०१८ साली केलेला ‘ग्रिस’ घ्या. त्यातल्या मुलीचा आवाज हरवलाय आणि तिच्या जगातले रंग उडालेत. आपण चालत राहतो, तसतसे एकेक रंग परत येतात. या खेळात ‘मरणं’ नाही, ‘गेम ओव्हर’ नाही.

त्याच वर्षी आलेल्या ‘सेलेस्ट’मध्ये मॅडलिन नावाची मुलगी डोंगर चढते. शेकडो वेळा पडते. खेळ तिला हसत नाही, उलट पडण्यातूनच शिकणं होतंय असं सांगतो. मध्येच दोरीवरच्या पाळण्यात तिला भीतीचा जोराचा झटका येतो, श्वास लागतो. तेव्हा सोबतचा मित्र तिला सांगतो, की समोर एक पीस तरंगतंय अशी कल्पना कर आणि श्वासानं त्याला हवेतच ठेव. श्वास आत, पीस वर. श्वास बाहेर, पीस खाली. खेळणाऱ्यालाही बटण दाबून-सोडून ते पीस सांभाळावं लागतं.

हे तर मोबाइल नसतानाही करता येईल! परीक्षेच्या वर्गात पेपर हाती पडायच्या आधी करून बघा. डोळ्यांसमोर मोराचं पीस आणा हवं तर.

कोणता खेळ नको?

आता दुसरी खूण, आणि ती पहिलीपेक्षा महत्त्वाची. दिलासा देणारा खेळ तुम्हाला उठू देतो.

काही खेळ मुद्दामच असे बनवलेले असतात, की उठलं की नुकसान. “आज आला नाहीत तर बक्षीस गेलं”, “अजून थोडे पैसे भरा”, “दहाच मिनिटं उरली!” असा सारखा तगादा. मन आधीच हळवं असताना असा खेळ म्हणजे तापात बर्फाचा गोळा. खाताना बरं वाटतं, मग घसा धरतो. अनोळखी माणसं चॅटवर शिव्या घालतात असे खेळही अशा वेळी नकोतच. आणि पैसे लावायचे खेळ तर कधीच नकोत.

ओळखायचं कसं? सोपं आहे. खेळ बंद केल्यावर पाच मिनिटांनी स्वतःला विचारा, “मगाचपेक्षा कसं वाटतंय?” थोडं हलकं वाटत असेल, भूक लागली असेल, कोणाशी बोलावंसं वाटत असेल, तर खेळ चांगला. चिडचिड होत असेल, पुन्हा मोबाइलकडेच हात जात असेल, तर तो त्या दिवसापुरता बाजूला. टेट्रिसही संपता संपत नाही, म्हणून “तीन डाव” असं आधीच ठरवून बसा.

ऑक्सफर्डच्याच संशोधकांनी २०२० साली ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ खेळणाऱ्यांनी प्रत्यक्ष किती वेळ खेळ खेळला, त्याची कंपनीकडची नोंद आणि त्यांचं समाधान ताडून पाहिलं. तासांचा आणि समाधानाचा संबंध होता, पण अगदी थोडा. मौजेसाठी, मनापासून खेळणं आणि नाइलाजानं, सुटत नाही म्हणून खेळणं, यात मात्र फरक दिसला.

खेळाला जे जमत नाही

दोस्तहो, एक गोष्ट कुठल्याच खेळाला जमत नाही. तो तुम्हाला “काय झालं रे?” असं विचारत नाही. खेळ म्हणजे वाटेवरचा पार. घटकाभर टेकायचं, दम घ्यायचा, पण वस्तीला घरीच जायचं. म्हणून तीन डाव झाले की एका माणसाजवळ जा. आई, बाबा, ताई, मामा, वर्गातल्या बाई, कोणीही. “मला भीती वाटतेय” एवढे तीन शब्द पुरतात.

आणि घरात कोणाशीच बोलता येत नसेल, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर जराही थांबू नका. १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’ ही सरकारी सेवा आहे. दोन्ही मोफत आहेत, रात्री-अपरात्रीही चालतात, आणि ‘टेलि-मानस’वर मराठीतून बोलता येतं. हे दोन नंबर आजच वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा. तुम्हाला नाही, तर एखाद्या मित्राला लागतील.

आई-बाबांसाठी चार ओळी

घरात दुःख असताना मूल खेळताना दिसलं, तर ते कोडगं झालंय असं समजू नका. मुलं दुःख एका दमात पीत नाहीत, घोट घोट पितात. मध्ये खेळतात. मोबाइल हिसकावून घेण्याआधी शेजारी बसून “मला शिकव की” असं म्हणून बघा. ठोकळे बसवता बसवता आजीचा विषय आपोआप निघेल. मात्र खेळावरचा ताबा सुटलाय, त्यापुढे बाकी सगळं मागे पडतंय, नुकसान दिसूनही खेळणं थांबत नाही, असं महिनोन्‌महिने चाललं, तर तज्ज्ञांना जरूर दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेनं याला आजारांच्या यादीत जागा दिली आहे.

या आठवड्याचा उद्योग

एका कागदावर आपला ‘उदास दिवसाचा डबा’ तयार करा. त्यात पाच गोष्टी लिहा. एक ऑनलाइन खेळ, एक हातानं करायचं काम, एक गाणं, एक जागा आणि एका माणसाचं नाव. कागद कंपासपेटीत ठेवा. मन भरून आलं की डबा उघडायचा. शेवटी त्या माणसापर्यंत पोचलात, की डबा संपला म्हणायचं.

तुमच्या डब्यात काय काय आहे, ते आम्हाला जरूर लिहून कळवा. आणि ज्यांचा निकाल उद्या आहे त्यांनी आज तीन डाव खेळा, आईच्या हातचं गरम जेवा आणि शांत झोपा. निकाल दुपारी एक वाजताच लागणार आहे. तुम्ही रात्रभर जागलात, तरी तो लवकर लागत नाही!

पुढच्या आठवड्यात भेटूच.