मांजरास दोष देण्यापूर्वी

मांजराच्या केसांमुळे शिंका व दमा उद्भवतो, ही समजूत रूढ असली तरी अपुरी आहे. खरे कारण ‘फेल डी १’ नावाचे प्रथिन होय. ते मांजराच्या लाळेत व त्वचेतील तैलग्रंथींत निर्माण होते. मांजर अंग चाटते तेव्हा ते केसांवर व कोंड्यावर वाळते आणि त्याचे सूक्ष्म कण हवेत तरंगत राहतात. कोरड्या केरसुणीने ते केवळ उधळतात. म्हणून फरशी ओल्या फडक्याने पुसावी, अंथरुणे ऊन पाण्यात धुवावीत, शयनगृहात मांजरास येऊ देऊ नये, आणि ज्यास त्रास होत नाही अशा व्यक्तीने त्याचे केस नित्य विंचरावेत.

ओरखडणे हीदेखील खोड नव्हे. त्यायोगे नखांवरील जुने आवरण गळते व स्नायू ताणले जातात. सुंभ गुंडाळलेला भक्कम खांब दिल्यास खुर्च्या वाचतात. नखे समूळ काढणे म्हणजे बोटांची शेवटची हाडे छाटणे. न्यूयॉर्क राज्याने २०१९ मध्ये त्यावर बंदी घातली, हे उचितच झाले.

दमा तीव्र असल्यास डॉक्टरांचा सल्ला प्रमाण मानावा. परंतु मांजर घालवले तरी हे कण घरात महिनोन्महिने टिकतात. तेव्हा मुक्या जिवास रस्त्यावर सोडण्याआधी आपण फडके हाती घेतले काय, याचा विचार प्रत्येक गृहस्थाने करावा.