अर्ज कुणी लिहायचा?

‘घरीच शिकवलं तर केस होईल का हो बाई?’ दर जूनमध्ये कुणी ना कुणी हे विचारायला कामथडीत माझ्या ओसरीवर येतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका. सरकारी कागद वाचता येतो आणि हाताशी वेळ आहे, एवढ्यावर माझी वकिली चालते.

उत्तर सोपं आहे. केस होत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या १० व्या कलमानं सहा ते चौदा वयाचं मूल शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य ठरवलं, पण ते न पाळणाऱ्या पालकाला शिक्षा कुठेच लिहिलेली नाही. शिवाय या २००९ च्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि बहुविकलांग किंवा तीव्र दिव्यांगत्व असलेल्या मुलाला घरी राहून शिकण्याचा पर्याय मिळाला. तो हक्क मुलाचा. शाळेला त्यातून काही सवलत मिळालेली नाही, आणि माझं भांडण नेमकं इथे आहे.

गेल्या वर्षी गावातलीच एक आई आली. मुलगी नऊ वर्षांची, सेरेब्रल पाल्सी. डावा हात-पाय ताठ, चालताना भिंत धरावी लागते. बोलणं स्वच्छ आणि पाढे तोंडपाठ. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रावर ५० टक्के. शाळेनं आईच्या हातात टाइप केलेला अर्ज दिला होता : ‘माझ्या पाल्यास गृहाधारित शिक्षण मिळावे, ही विनंती.’ खाली सहीपुरती जागा. वर तोंडी प्रेमाचा सल्ला, की ताई, स्वच्छतागृहाला पायऱ्या आहेत, पोरगी पडलीबिडली तर कोण बघणार?

पायऱ्या तीन. गवंड्याला उतार करून द्यायला किती वेळ लागतो, हे आमच्याकडे घर बांधलेल्या कुणालाही विचारा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं १६ वं कलम वाचलं, तर शाळेची इमारत आणि सोयी मुलाला वापरता येतील अशा करणं हे शाळेचं काम आहे. गरज असेल तिथे मुलासाठी आणि त्याच्या मदतनिसासाठी वाहनाची सोय करणंही त्याच कलमात येतं. ‘तीव्र’ कशाला म्हणायचं हेही कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. त्यासाठी शिक्षण हक्क कायद्यानं १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याकडे बोट दाखवलं आहे आणि तिथला आकडा ८० टक्के किंवा त्याहून जास्त असा आहे. म्हणजे ५० टक्क्यांच्या या मुलीला घरी शिकण्याची ती तरतूद लागूच होत नाही. उलट ४० टक्क्यांच्या वर असल्यामुळे २०१६ च्या कायद्याचं ३१ वं कलम तिच्या बाजूचं. जवळची शाळा हवी की विशेष शाळा, हे तिनं आणि तिच्या घरच्यांनी ठरवायचं, आणि शिक्षण मोफत, तेही वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत.

ते प्रमाणपत्र तरी कुठे सुखासुखी मिळतं! कामथडीहून स्वारगेट, स्वारगेटहून औंधचं जिल्हा रुग्णालय, पोर कडेवर. दिव्यांगांच्या यूडीआयडी ओळखपत्राचा अर्ज आता मोबाइलवरून भरता येतो, तपासणीला मात्र जावंच लागतं. बापाची दिवसाची मजुरी बुडते. एवढं करून आणलेला कागद शाळेनं मुलीला घरी बसवण्यासाठी वापरावा, याचा मला राग येतो.

घरी शिकणं वाईट असं मी म्हणत नाही. दिवसातून चारदा झटके येणारं, नळीनं अन्न घेणारं मूल मी पाहिलं आहे. त्याला महामार्ग ओलांडून वर्गात आणा म्हणणारा माणूस मला शहाणा वाटणार नाही. पण अशा मुलाचं नावसुद्धा शाळेच्या पटावर राहतं, पुस्तकं त्याच्या घरी जायला हवीत, समग्र शिक्षा योजनेतल्या विशेष शिक्षकानं घरी जाऊन शिकवायला हवं. आता भाटघरच्या पाण्यापलीकडच्या वाड्या आणि वेल्ह्यातली (राजगड तालुका म्हणायची जिभेला अजून सवय नाही) तोरण्याच्या पायथ्याची घरं डोळ्यांपुढे आणा. एका शिक्षकानं दुचाकीवर कुठे कुठे पोचायचं? सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये प्राथमिक वर्गांत दहा दिव्यांग मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा असं सांगितलं. राज्यानं २०२४ मध्ये केंद्रामागे एक या हिशेबानं ४,८६० पदांना मान्यता दिली. केंद्रामागे एक म्हणजे एका माणसाकडे कितीतरी शाळा, आणि घरी शिकणारी मुलं त्यावर. तो वर्गाला पुरेल की घराला?

म्हणून आईबापांना मी सांगते, आयता अर्ज घेऊ नका. घरी शिकवायचंच असेल तर स्वतःच्या हातानं लिहा. कारण लिहा, किती महिन्यांसाठी ते लिहा, आणि ‘मुदत संपल्यावर पाल्य शाळेत येईल’ हे वाक्य घाला. विशेष शिक्षक कोणत्या वारी येणार ते लेखी मागा. पोच घ्या. पंचायत समितीच्या गट साधन केंद्राला एक प्रत द्या. वही ठेवा, शिक्षक आले की तारीख आणि सही. यातलं काहीच कायद्याबाहेरचं नाही, तरी पोच मागितली की समोरच्याचा चेहरा बदलतो, हा माझा अनुभव आहे.

चौदा पूर्ण झाली की आणखी एक वाक्य कानावर पडतं, ‘आता तुमचा हक्क संपला.’ ते धादांत खोटं आहे. अठरापर्यंतचा हक्क वर सांगितलाच. शाळा जमलीच नाही तर राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी, दहावी, बारावीच्या परीक्षा आहेत, राष्ट्रीय मुक्त विद्यालय आहे. परीक्षेला लेखनिक आणि जादा वेळ मागता येतो. मात्र हे रस्ते आईबापांनी शोधून काढायचे आहेत. शाळेनं सुटका म्हणून ते पुढे करू नयेत.

त्या आईनं अर्जावर सही केली नाही. मुलगी शाळेत जाते. उतार अजून झालेला नाही. तिला दोन मैत्रिणी धरून नेतात, आणि त्या आजारी असतील त्या दिवशी आई कामावर खाडा करते. ग्रामपंचायतीच्या निधीतला पाच टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचा असतो. येत्या ग्रामसभेत उतार त्यातून करा असा ठराव मांडायला मी तिला सांगितलं आहे, आणि अनुमोदन मी देणार आहे.