मारखोरचा हिशेब

शिकार म्हटले, की माझ्या पिढीच्या डोळ्यांपुढे मेलेल्या वाघावर पाय ठेवून उभा असलेला संस्थानिक येतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला फोटोपुरता ठेवला, हे उत्तमच झाले. म्हणूनच शिकारीमुळे प्राणी वाचतात, असे प्रथम वाचले तेव्हा मला तो शिकाऱ्यांचा कांगावा वाटला.

पण पाकिस्तानातल्या मारखोरचे पाहा. मारखोर म्हणजे मळसूत्री शिंगांचा डोंगरी रानबोकड. अफगाण युद्धाने घरोघरी रायफली आल्या आणि १९८० च्या दशकात बलुचिस्तानातल्या तोरघर डोंगरांत तो संपत आला. तिथल्या पठाण वडीलधाऱ्यांनी ठरवले : टोळीने शिकार थांबवायची, मोजक्या म्हाताऱ्या नरांचा परवाना परदेशी शिकाऱ्याला विकायचा आणि त्या पैशातून गावातलेच राखणदार नेमायचे. कालचे शिकारी आज पगारी रखवालदार! पुढे गिलगिट-बाल्टिस्तानातही परवान्याच्या रकमेतला ८० टक्के वाटा गावाला मिळू लागला. एकेक परवाना लाखाहून अधिक डॉलरना गेला आहे. २०१५ मध्ये मारखोर 'संकटग्रस्त' यादीतून दोन पायऱ्या सुरक्षित गटात आला.

बँकेत जन्म काढलेल्या माणसाला हा हिशेब कळतो. जनावर ज्याच्या कुरणात चरते, त्याच्या खात्यात काहीच जमा होत नसेल, तर तो राखण कशासाठी करील? केनियाने १९७७ मध्ये शिकार बंद केली, तरी पुढच्या चार दशकांत तिथले वन्यजीव दोन-तृतीयांशाने घटले. दोष बंदीचा नव्हे. गुरे वाढली, कुंपणे आली. पण नुसत्या बंदीने ती थोपवली नाहीत, एवढे खरे.

अर्थात सगळीकडे बोकडाचा न्याय लागत नाही. कळपातला सिंह मारला, की नवा नर आधीच्याचे बछडे मारतो. एका गोळीची किंमत अनेक जीव. आणि जिथे पैसा गावाऐवजी मधल्यामध्ये जिरतो, तिथे त्याला संवर्धन म्हणणे ही शुद्ध लबाडी.

आपल्याकडे हे चालेल? मला शंका आहे. तोरघरला आधी गावाचा हक्क मान्य झाला, मग परवाना आला. आपण अजून पहिल्या पायरीवरही नाही. कर्जवसुलीला विदर्भात फिरत असताना एका शेतकऱ्याने मला रानडुकरांनी उकरलेला भुईमूग दाखवला होता. ''साहेब, यंदाचा हप्ता त्यांच्याकडून घ्या,'' तो म्हणाला. मी हसलो, तो हसला नाही. बांधावरच्या माळ्यावर त्याचा मुलगा रात्रभर डबा वाजवून झोपला होता.